निकोबा युनानी दरबारी बसले, त्याचे वर्तमान

श्रीगजानन लेखणीस बळ देवोत, आणि वाचणारांस हसू आल्यास त्यांनी मिशीत हसावे. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, एका राज्यात, ज्याचे नाव सांगितल्यास दोन घराणी भांडतील, हे वर्तमान जाहले. त्या राज्यात निकोबा म्हणोन तोफा ओतणारे कारागीर होते. मूळचे युनान देशीचे, ज्यांस टोपीकर ग्रीक म्हणतात त्यांपैकी. ऐन जवानीत आले, आणि येथील भाकरी खाऊ लागले, आणि शिव्याही येथल्याच देऊ लागले, आणि तोफा ओतता ओतता म्हातारे जाहले. मान होता, बैठक तेवढी नव्हती. कारण रिवाज ऐसा की, चोपदाराने असामीच्या लोकांचे नाव पुकारावे, मग असामीने बसावे. ज्यास पुकारावयास नाव नाही त्याने खांबापाशी उभे राहावे. निकोबांच्या लोकांस त्या दरबारी नावच नव्हते. मग दर दसऱ्यास ते विडे वाटून होईतो उभे राहात, आणि आता गुडघे गेले होते.

मग निकोबांनी महाराजांस अर्ज केला, "सरकार, इनाम नको, जमीन नको. मरण्याआधी एक दसरा बसून पाहू द्या." महाराजांस दया आली आणि त्यांनी भानुशास्त्री यांस पाचारण केले. शास्त्रीबोवांनी पुसिले, "तुमचे लोक स्वतःस काय म्हणवितात?" निकोबा बोलिले, "हेलेन." शास्त्रीबोवा बोलिले, "पोथीत नाही. ज्याअर्थी पोथीत नाही, त्याअर्थी तुम्ही तसे म्हणवीत नसाल." मग त्यांनी पोथ्या सोडिल्या आणि हर्षून सांगितले की, जुन्या ग्रंथी यांस यवन म्हणतात, आणि हे ग्रहगणितात निपुण, म्हणोन ऋषींसारखे पूज्य.

दरबार गार पडला. कारण त्या राज्यात यवन म्हणजे सरहद्दीपलीकडून घोडा फेकीत येईल तो. कोणत्या देशीचा, कोणत्या देवाचा, याची चौकशी नसे. आपला नव्हे आणि येतो आहे, एवढे पुरे. हा शब्द कोणी मोठ्याने पुकारला की नगारा वाजावा, वेशी लागाव्या, आणि मागल्या दाराने सर्वांनी रान गाठावे, ऐसा वडिलांपासोनचा शिरस्ता. सेनापती बोलिले, "शास्त्रीबोवा, तुमचा पूज्य यवन गेल्या साली आमची गुरे घेऊन गेला." शास्त्रीबोवा बोलिले, "तो यवन नव्हेच. तुम्ही अज्ञाने म्हणता." "मग त्यास काय म्हणावे?" "त्याचे जे नाव असेल ते." परंतु ते नाव पुसावयास आजवर कोणी थांबलाच नव्हता. अखेर दवंडी फिरली की, आजपासोन यवन म्हणजे निकोबांचे लोक, दुसरे कोणी नव्हे. रयतेने ऐकिले, माना डोलाविल्या, आणि पोराबाळांनीही अर्थ पाठ केला.

दसऱ्यास निकोबांनी नवे पागोटे बांधिले. बायको गोजराबाई बोलिली, "बसाल खरे, पण उठवील कोण?" निकोबा हसोन निघाले. दरबार भरला, आणि सुभाना चोपदाराने काठी आपटोन पुकारिले, "यवन आले हो, यवन!" अर्थ सर्वांस ठाऊक होता, परंतु पाय कोणाचे ऐकतात? नगारा वाजला, वेशी लागल्या. भानुशास्त्री पोथी टाकोन खिडकीतून प्रथम गेले, त्यांमागे सेनापती, आणि महाराज पालखीत चढले ते घाईने पाठमोरेच. घटकाभरात दरबारी चिटपाखरू उरले नाही. सुभाना मात्र उभा, कारण पुकारलेली असामी बसेतो चोपदाराने हलू नये. तो बोलिला, "बसा की, निकोबा. मला पुढची नावे घ्यायची आहेत." निकोबा बोलिले, "बाबा, पुढे कोणी नाही." "नसेना. रीत ती रीत."

मग निकोबा लोडास टेकोन बसले. इतकी वर्षे जी बैठक उभ्याने पाहिली तीवर बसोन पाहिले, आणि म्हाताऱ्यास रडू कोसळले.

सायंकाळी महाराज नंग्या तलवारीनिशी माघारे आले आणि गर्जले, "शत्रू कोठे?" निकोबा बोलिले, "मी कोणास पाहिले नाही, सरकार. आपण आलात, उठावयास हवे, परंतु उठवत नाही." महाराज लाजले आणि बोलिले, "बसा." मग तोच शब्द हुकूम ठरला. नगरी मात्र ऐसे प्रसिद्ध केले की, यवनांनी राजधानी घेतली होती ती सरकारांनी त्याच दिवशी सोडविली. आणि या फत्तेच्या तोफा उडाल्या त्या निकोबांनीच ओतलेल्या.

एवंच, दवंडी रद्द जाहली, शब्द पुन्हा घोडेस्वारांकडे गेला, आणि दर दसऱ्यास पुकारा सुरू होण्याआधी दोघे भोई निकोबांस उचलोन आणोन बसवू लागले. ते बसतात. त्यांस काय म्हणावे, हे अद्याप ठरले नाही.