एका घरात दोन चन्नप्पा

चौसाळ्याचे चन्नप्पा मरणाला भीत नसत! हे दुसरं कुणी सांगत नसे, ते स्वतःच सांगत. हायवेला लागून त्यांचं किराणा दुकान. साबणाची वडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते ऐकवत, "यम आला ना, त्याला म्हणीन, बाबा, आदी हितं लायनीत उभा ऱ्हा!"

सून रुद्राणीला मुलगा झाला, तेव्हा भर दुकानात पेढे वाटत त्यांनी आरोळी ठोकली, "आता चन्नप्पाचं नाव पुढं चालणार!"

असं बोलायची पद्धत असते, म्हणून ते बोलले. पण शेजारी त्यांचा मुलगा रवि उभा होता. रविनं आजवर वडलांना विचारल्याशिवाय मिशीसुद्धा कमी केली नव्हती! संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "अप्पा, तुमच्या मनासारखंच करायलो आमी. पोराचं नाव चन्नप्पा!"

चन्नप्पांच्या घशात भाकरी अडकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघ बघ," त्यांची बायको शिवम्मा पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "किती आनंद झालाय!"

आनंद कसला! चन्नप्पांना स्वतःला हे नाव आजोबांकडून मिळालेलं. आजोबा तेव्हा धडधाकट होते. हौसेनं त्यांनी आपलं नाव नातवाला दिलं, आणि बारशाचा पाळणा सोडायच्या आत आजोबा गेले! आई लहानपणी सारखी म्हणायची, "नाव घेतलंस आन आज्याला धाडलंस." तेव्हापासून चन्नप्पांच्या मनात पक्कं बसलं होतं की एका छपराखाली दोन चन्नप्पा टिकत नाहीत. नवा आला की जुना गेलाच! पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. यमाला लायनीत उभं करणारा माणूस तान्ह्या पोराच्या नावाला भितो, हे गावाला कळलं असतं तर दुकानातल्या माश्यासुद्धा हसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ते सुनेकडं गेले. जमेल तितकं गोड हसले. त्यांना हसताना बघायची सवय नसल्यानं रुद्राणी घाबरून उठून बसली.

"सूनबाई, आजकाल लई चांगली चांगली नावं निघाल्यात म्हणं."

रुद्राणीला वाटलं, मामा परीक्षा घ्यायलेत!

"न्हाई मामा," ती घाईनं म्हणाली, "चन्नप्पासारखं नाव न्हाई कुठं!"

"तसं न्हवं, तुजं मन मोडू न्हाई म्हणून..."

"मन कशाला मोडतंय? मी तर रात्रंदिवस चन्नप्पा चन्नप्पाच करायले!"

चन्नप्पा कपाळाचा घाम पुसत बाहेर पडले आणि थेट शिवशंकर स्वामींकडं गेले. घरातलं सगळं धर्मकार्य हे जंगमस्वामीच करत. "स्वामी, रास नीट बघा. अक्षर दुसरंच येत असंल तर दुसरंच ठेवू. माजं काई म्हणणं न्हाई!"

स्वामींनी पंचांग उघडलं, चन्नप्पांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि झटकन मिटलं. "च आलंय! तुमचंच नाव! महादेवाचीच इच्छा हाय!"

महादेवाचीच इच्छा! त्या दिवसापासून चन्नप्पांना छातीत कळा येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले गॅस आहे. चन्नप्पांना वाटलं, डॉक्टर आपल्यापासून लपवायलेत.

बारशाचा दिवस उजाडला. दारात मांडव, पाहुण्यांची ही गर्दी! दिंद्रुडहून चन्नप्पांची चुलतबहीण सुभद्राबाई आली आणि आल्या आल्या त्यांच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "नाव लागलं पुढं, आता तू सुटलास बग!"

"सुटलो म्हंजे?" चन्नप्पांचा आवाज चिरकला.

"सुटलास म्हंजे सुटलास!"

तेवढ्यात रविनं मांडवाच्या मधोमध खुर्ची ठेवली. "अप्पांना बसवा रे मधी!"

बसवा! चन्नप्पांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की आडवा निजवत नाहीत. बसवतात, कपाळाला भस्म लावतात, गळ्यात हार घालतात. आणि इथं स्वामी हातात भस्म घेऊन पुढं आलेच! तीन बोटं कपाळावर ओढली. रविनं झेंडूचा जाडजूड हार घातला. मग सगळे एकेक करून पाया पडू लागले. सुभद्राबाई तर पाया पडता पडता रडायलाच लागली. चन्नप्पांनी गुपचूप स्वतःचीच नाडी धरून बघितली. चालू होती!

मग त्यांची मुलगी वर्षाराणी केक घेऊन आली. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चन्नप्पा'. सुरी उंच धरून ती ओरडली, "आदी चन्नप्पाला कापू, मग पाळण्याकडं चला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुरी 'च' मधून आरपार गेली. बघता बघता अर्धे चन्नप्पा पोरांनी फस्त केले. वर्षाराणीनं उरलेला तुकडा त्यांच्या तोंडापुढं धरला. "अप्पा, हे शेवटचं तुमाला!"

शेवटचं! चन्नप्पांना मांडव फिरायला लागल्यासारखं झालं.

बायका पाळण्याभोवती जमल्या. वर्षाराणी बाळाच्या कानाशी वाकली. आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायला सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. आता एक शब्द, की संपलं!

"थांबा!" चन्नप्पा हारासकट उडी मारून उठले. खुर्ची उलटी पडली. "थांबा! मला मरायचं न्हाई!"

वर्षाराणी वाकलेली तशीच राहिली, बायकांच्या मुठी वरच्या वर.

"अप्पा," रवि कसाबसा म्हणाला, "तुमाला मरायला कोण सांगायलंय?"

मग चन्नप्पांनी सगळं सांगून टाकलं. आजोबा, पाळणा, आईचं बोलणं, छातीतल्या कळा. आणि अचानक रुद्राणी रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली.

"मामा, मला पण हे नाव नकोच हुतं वो!"

"मलाबी नको हुतं," रवि म्हणाला. "पण तुमचा शब्द मोडावा कसा?"

"केकवाला तर तोंडावरच हसला," वर्षाराणी म्हणाली.

स्वामींनी घसा खाकरला. "खरं सांगायचं तर रास कुंभ येती. ग, स, श. पण तुमच्यापुढं बोलायची माजी छाती झाली न्हाई."

चन्नप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी लांब श्वास घेतला. मग तो अर्ध्यातच थांबला.

"कावून नको हुतं?" त्यांनी डोळे वटारले. "काय वाईट हाय माज्या नावात?"

"वाईट न्हाई मामा, पण शाळंत पोरं चिडवतील..."

"मला कुटं कुणी चिडवलं?"

"चिडवत न्हवते?" सुभद्राबाई नाक पुसत म्हणाली. "सारी गल्ली चना-फुटाणा म्हणायची की तुला!"

मांडव हसून हसून वाकला. त्या गोंधळातच बाळाचं नाव ठेवलं गेलं, शिवांश. पंगती बसल्या. चन्नप्पा मात्र उलटी पडलेली खुर्ची सरळ करून एकटेच बसले. माझं नाव कुणालाच नको! एकाला तर हवं असायचं! त्यांनी जेवायला साफ नकार दिला.

शिवम्मा ताट घेऊन आली. त्यांच्यापुढं उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "इतकंच वाईट वाटत असंल तर ठेवू की चन्नप्पा. पाळणा अजून सोडला न्हाई. वर्षाला हाक मारू?"

चन्नप्पांनी तिच्या हातातलं ताट ओढून घेतलं.

"शिवांश लई ग्वाड नाव हाय! तू आमटी आण!"