शेषगिरीची पात्रनिवड

ज्या कामाला बक्षीस नाही ते काम नव्हे, ती नुसती सवय होय, असा आपल्या समाजाचा नियम आहे. गीतेचे अध्याय पाठ म्हणण्यापासून चमच्यात लिंबू घेऊन पळण्यापर्यंत प्रत्येक गुणाची आपण वेळेवर कदर केलेली आहे. असे असूनही, चित्रपटासाठी माणसे निवडणाऱ्याला १९९७ सालापर्यंत बंगळुरात कोणी साधे फूलही दिले नव्हते. हा अन्याय अखेर एका चित्रसंघाच्या लक्षात आला. (संघाकडे त्या वर्षी एक ढाल उरली होती, हे कारण दुय्यम होय.)

हा नवा पुरस्कार ठेवल्याचे जाहीर झाले तेव्हा शेषगिरी बंगळुराच्या पीण्या या उद्योगवसाहतीत पंपांच्या एका कारखान्यात टाइमकीपर होता. सकाळी फाटकातून तीनशे चाळीस चेहरे आत सोडायचे आणि संध्याकाळी तितकेच बाहेर पडले याची खात्री करायची, हे त्याचे काम. अठरा वर्षांत त्याला चेहऱ्यांचा नादच लागला. कोण घरी भांडून आला आहे, कोणाचे दाढदुखीचे सोंग आहे, हे तो कार्ड न पाहता सांगे.

त्याचा शाळासोबती विद्याधर स्वतंत्र चित्रपट काढी. स्वतंत्र चित्रपट म्हणजे जो निर्मात्यापासून, नावाजलेल्या नटांपासून, थिएटरांपासून आणि बहुतांशी प्रेक्षकांपासून स्वतंत्र असतो तो. असे चार चित्रपट झाले होते आणि चारहींतली माणसे शेषगिरीने सुट्टीच्या दिवशी हिंडून शोधली होती. पडद्यावर त्याचे नाव 'आभार' या सदरात, जनरेटर देणारे गृहस्थ आणि एक उडुपी हॉटेल यांच्यामध्ये येई. शेषगिरीची याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार नाही, हे तो लोकांना वर्षातून पाच-सहा वेळा आपणहून सांगे.

घरी मात्र त्याचे वडील भीमाचार्य यांना हा उद्योग पसंत नव्हता. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. 'आमचा मुलगा रविवारी परक्यांची तोंडं बघत हिंडतो,' असे ते आलेल्या पाहुण्याला, पाण्याचा पेला पुढे करतानाच सांगून टाकत. वडिलांना एकदा पहिल्या रांगेत बसवून आपले नाव पुकारलेले ऐकवावे, एवढ्यासाठी शेषगिरीने अर्ज आणला.

अर्ज संघाचे चिटणीस उपेंद्र यांनी स्वतः तयार केला होता. चार पाने, तीन प्रती. त्यात (अ) निवडलेल्या व्यक्तीचे नाव, (आ) निवडीमागील कलात्मक भूमिका, (इ) 'मला याच गृहस्थांनी निवडले' असा त्या व्यक्तीचा सहीनिशी दाखला आणि (ई) व्यक्ती मयत असल्यास वारसाचा दाखला, अशी कलमे होती. पुरस्कारापर्यंत व्यक्ती टिकेल की नाही, याचा विचार करणारी संस्था दुर्मीळच म्हणायची.

चारांतल्या शेवटच्या, नव्या चित्रपटात स्टेशनवर मुलाची वाट पाहणारी एक आई होती. ती भूमिका येलहंक्याच्या कृष्णवेणी अक्कांनी केली होती. त्यांच्यापुढे शेषगिरीने लिहिले : 'या मुद्रेत पठारावरील भूमीची मूक तहान आहे.' वस्तुस्थिती थोडी वेगळी होती. ठरलेली नाटकमंडळीतली बाई आलीच नाही. येलहंका स्टेशनावर फलाट दोनच तास मिळाला होता आणि बाकावर अक्का बसल्या होत्या. त्या मराठीच निघाल्यामुळे शेषगिरी आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "अक्का, स्वल्प इथेच बसा आणि रुळांकडे बघा." अक्कांनी बघितले. कॅमेऱ्यामागे विद्याधरच्या डोळ्यांत पाणी आले, आणि शेषगिरीच्या पारखीची कीर्ती ओळखीच्या सात-आठ घरांत पसरली.

सहीसाठी तो येलहंक्याला गेला. अक्का पोलकी शिवून देत. त्याने तहानेचे वाक्य वाचून दाखवले तेव्हा त्यांनी मशीन थांबवले.

"तहान कसली रे? चहा पिऊनच बसले होते मी."

शेषगिरीने कलेत असे लिहावे लागते, वगैरे सांगितले. अक्कांनी ते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुला ठाऊक होतं. आमचा गुंडो त्या गाडीनं येतो म्हणाला होता. तिसरा रविवार होता तो. तू म्हणालास रुळांकडे बघा. मी तशीही तेच करत होते."

गुंडो हा त्यांचा एकुलता मुलगा, हुबळीला नोकरीला. पुढे तो आला का, हे विचारायचे शेषगिरीच्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले. तीनशे चाळीस चेहरे वाचणाऱ्याने या एका चेहऱ्याला तेव्हा साधे 'कुणाला घ्यायला आलात?' असेही विचारले नव्हते. त्याला आपल्या अर्जाची लाज वाटली. त्याने तहान खोडली आणि तिन्ही प्रतींवर लिहिले : 'बाकावर ह्याच बसल्या होत्या.'

अक्कांनी पूर्ण नावानिशी सही केली आणि विचारले, "ते चित्र आलं का रे कधी?"

ते संघाच्या सभासदांसाठी आठ महिन्यांपूर्वी एकदा येऊन गेले होते. अक्कांना बोलवायचे कोणालाही सुचले नव्हते. त्याने घाईघाईने समारंभाचे आमंत्रण दिले. तिथे त्यातला तुकडा दाखवणार होते.

समारंभाच्या दिवशी दुपारी उपेंद्र धापा टाकत शेषगिरीच्या घरी आले. प्रमुख पाहुण्यांना अचानक दिल्लीचे बोलावणे आले होते, आणि सभागृहात अपेक्षित श्रोत्यांची संख्या (संघाचे पदाधिकारी धरून) अकरा होती. उमेदवारानेच समारंभासाठी माणसे शोधावीत हे नियमात बसते का, असे शेषगिरीने विचारले. नियमात तसे कलम नाही, म्हणून मनाईही नाही, असा निर्वाळा उपेंद्रांनी दिला.

श्रोते म्हणून शेषगिरीने कारखान्यातली रविवारची सुट्टीवाली पन्नास माणसे आणली. प्रमुख पाहुणे म्हणून त्याने आप्पाजींना गाठले. आप्पाजी त्याच कारखान्याचे निवृत्त स्टोअरकीपर. पांढरे शुभ्र केस, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि कोणी काहीही मागितले की छताकडे बघून 'पाहू' म्हणण्याचा तीस वर्षांचा सराव. व्यासपीठासाठी आणखी काय लागते? उपेंद्रांनी 'ज्येष्ठ आणि अनुभवी' अशी ओळख करून दिली. तिच्यात एक अक्षर खोटे नव्हते.

आप्पाजी आठच मिनिटे बोलले. "प्रत्येकाची जागा ठरलेली असते," ते म्हणाले. "जागा चुकली, की चांगली वस्तूही सापडत नाही. आणि जी सापडत नाही, तिला लोक 'नव्हतीच' म्हणतात." ते नटबोल्टांविषयी बोलत होते. सभागृहाने ते कलेविषयी समजून टाळ्यांचा गजर केला.

मग अंधार करून तुकडा दाखवला. पडद्यावर अक्का रुळांकडे बघत होत्या. पन्नासांपैकी कोणी खोकलेही नाही. शेषगिरीच्या शेजारी बसलेल्या अक्का हळूच म्हणाल्या, "पदर सरकला होता माझा. सांगायचं नाहीस?" आणि थोड्या वेळाने, "कुणी यायचं होतं, ते कळतं. नाही रे?"

शेषगिरीने मान हलवली. अंधारात ती त्यांना दिसली असेल की नाही, कोण जाणे.

त्यानंतर निकाल वाचण्यात आला. परीक्षकांनी शेषगिरीच्या अर्जाचा बारकाईने विचार केला होता. 'बाकावर ह्याच बसल्या होत्या' या त्याच्याच कबुलीवरून निवड अशी काही झालीच नव्हती, हे सिद्ध होत होते. मात्र शेषगिरीची निवड विद्याधरने केली होती, तीही एकदा नव्हे, ओळीने चार चित्रपटांत आणि पूर्ण शुद्धीत. सबब उत्कृष्ट पात्रनिवडीचा पुरस्कार विद्याधर यांना देण्यात येत होता. विद्याधर गोरामोरा झाला. ढाल घेऊन त्याने भाषणात शेषगिरीचे नाव तीनदा घेतले. माणूस इतका सरळ, की त्याच्यावर राग धरायचीही सोय नव्हती.

परतीच्या बसमध्ये भीमाचार्य खिडकीशी बसले. पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळे पाहिले होते. ते म्हणाले, "बक्षिसाचं राहू दे. ते प्रमुख पाहुणे कोण रे? कित्येक वर्षांत असा माणूस व्यासपीठावर पाहिला नाही. ज्यानं शोधून आणला त्याला पारख आहे हो माणसांची."

शेषगिरी सांगू शकला असता. पण सांगितले असते तर आप्पाजी तिथल्या तिथे स्टोअरकीपर झाले असते, आणि वडिलांची ती संध्याकाळ गेली असती.

"आहे म्हणतात," तो म्हणाला, आणि तिकिटे वरच्या खिशात ठेवू लागला.

अक्कांनी सगळा चित्रपट बघायचा हट्ट धरला, म्हणून पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही काही मंडळींनी तो पुन्हा लावला. प्रवेश विनामूल्य. दोन वर्तमानपत्रांत बातमी आली होती. हजर माणसे नऊ, त्यांत अक्कांनी येलहंक्याहून आणलेल्या शेजारणी चार. इथपर्यंत वाचून अक्कांसाठी हळहळलेले आणि शेषगिरीवर अन्याय झाला असे मनापासून वाटलेले जे आपण रसिक वाचक, ते आपण तिथे कुठे दिसला नाहीत. आपली अडचण खरीच असणार. खेळ आम्ही पंधरा मिनिटे उशिरा सुरू केला होता, तो तुमच्यासाठीच.