हिरामणकाकांची करंगळी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले हिरामणकाका रोज सकाळी दार सताड उघडं टाकून हॉलमधल्या दिवाणावर बेशुद्ध पडायचा सराव करतात. हे मला आधी कुणी सांगायला नको का? सुरतेतल्या उधन्याच्या या सोसायटीत आम्ही नवीन राहायला आलो होतो. पाणी किती वाजता येतं ते विचारायला मी त्यांच्या दारात गेले, तर हे दिवाणावर आडवे. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड जरासं डावीकडे, एक हात खाली लोंबतोय. हाक मारली, हलवून पाहिलं. काही नाही. मग मी अशी किंचाळले की सगळा मजला गोळा झाला आणि सेक्रेटरींनी एकशे आठला फोनसुद्धा लावला. तेव्हा काकांनी एक डोळा उघडला.

“बाई, ओरडलात झकास,” ते म्हणाले, “पण स्वर जरा वरचा लागला.”

मी शाळेत शिकवते, त्यामुळे तेव्हापासून मी त्यांची ‘बाई’. वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळपास. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि चहा पिता पिता खरं काय ते सांगितलं. ते टीव्हीवरच्या एका हिंदी मालिकेत आजोबांचं काम करतात आणि हे आजोबा कित्येक महिन्यांपासून कोमात आहेत. सकाळच्या गाडीनं उंबरगावच्या स्टुडिओत जायचं, दिवसभर खाटेवर पडायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. जायच्या आधी घरी थोडा सराव. “पडून राहायलाही अभिनय लागतो,” हे त्यांचं म्हणणं. आमचे हे कोपऱ्यातून पुटपुटले की मग मी गेली कित्येक वर्षं रविवारी दुपारी अभिनयच करतोय.

हिरामण भावसार मूळचे अमळनेरकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी सुरतेला आले ते पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या कारखान्यात लागले आणि कलर मास्टर म्हणून निवृत्त झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बडोद्याला सासरी. पण त्यांचा खरा संसार मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांशी. राजा, वकील, दारुडा, संत, सगळं करून झालेलं. मशिनींच्या घरघरीवर आवाज काढायची सवय, त्यामुळे मंडळाच्या हॉलमध्ये कुणी माइक लावला तर काकांना अपमान वाटायचा. अजूनही जिन्यात ते ‘केम छो’ म्हणतात तेव्हा तळमजल्यावरचे ‘मजामा’ म्हणून उत्तर देतात.

मालिकेचं नाव मात्र ते कधीच घेत नाहीत. म्हणतात, ‘ते दुपारचं’.

“रंगभूमी म्हणजे रंगभूमी, बाई. हे काय, डाळ शिजेपर्यंतचं काम. आम्ही इकडे घसा फोडायचा, आणि तिकडे कुकरची शिट्टी झाली की बघणारी उठून गॅसपाशी!”

तिथल्या मंडळींबद्दलही त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. मालिकेतली ती खाष्ट सासू शॉटच्या मधल्या वेळात नातवाचे स्वेटर विणते. ती म्हणते, आपलं काय, हजेरी लावायची, दोन दुष्ट डोळे करायचे, घरी जायचं. नायकाला दुपारचा नट असल्याची इतकी लाज की गावाकडे त्यानं आपण सिनेमा करतोय असं सांगून ठेवलंय. नायिका ग्लिसरीन न घालता घळाघळा रडते आणि कट म्हटलं की त्याच आवाजात जेवण आलं का विचारते. सगळ्यांना एकच आस, रात्रीच्या मालिकेत कधी घेतील. “दुपारच्यांना रात्रीच्यांचा हेवा, रात्रीच्यांना सिनेमावाल्यांचा,” काका सांगत, “आणि मला माझ्या गणपतीच्या स्टेजचा. एकदा सोडलं ना मला, मागे वळून नाही बघणार.”

सुरुवातीला आजोबांना चांगले डायलॉग होते. पण पहिल्याच दिवशी काकांनी अशी गर्जना केली म्हणे की आवाजवाल्यानं कानावरचं यंत्र काढून फेकलं. हळू बोला, हळू बोला असं सगळ्यांनी विनवून पाहिलं. हळू बोलणं काकांच्या घराण्यातच नाही. आठवडाभरात आजोबा हवेलीच्या जिन्यावरून गडगडत खाली आले आणि कोमात गेले. आवाज आटोपेना म्हणून त्यांनी माणूसच बंद केला, असं माझं मत आहे. ते मी काकांना कधी सांगितलेलं नाही.

माझी सकाळची शाळा. दुपारी घरी आले की ताट घेऊन मी ते दुपारचं बघते. बघते म्हणजे बघते, मला काही त्याची लाज नाही. तर माझ्या एक लक्षात आलं. आजोबा गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडलेले, उजवा हात तेवढा बाहेर, आणि कॅमेरा त्यांच्यावर आला की उजव्या हाताची करंगळी हळूच वर व्हायची आणि खाली जायची. सून उशाशी बसून हंबरडा फोडतेय, आणि यांची करंगळी वर. रोज!

संध्याकाळी मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, काका, आमच्या वर्गात करंगळी वर केली की त्याचा एकच अर्थ होतो, आणि त्या मुलाला ताबडतोब बाहेर सोडावं लागतं. काका चिडले. अभिनयातलं तुम्हाला काय कळतं, म्हणाले. दिग्दर्शकही म्हणे त्यावरून रोज ओरडायचा आणि वेळ नाही म्हणून रोज तसंच पुढे जायचा. मला वाटलं, जन्मभर स्टेज गाजवलेला माणूस, निपचित पडवत नसेल. काहीतरी हलवल्याशिवाय चैन पडत नसेल बिचाऱ्याला.

मग एका संध्याकाळी काका आमच्याकडे येऊन बसले. माझ्या मुलीनं कविता म्हणून दाखवली, तिचा एकही उच्चार त्यांनी सुधारला नाही. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

“बाई, गुरुवारी मला मारतायत.”

मी म्हटलं, अहो मग पेढे काढा! सुटलात की त्या डाळीतून! चहावर साय धरली तरी काका कप उचलेनात. मग खाली बघत त्यांनी सगळं सांगितलं.

गावाकडे त्यांची थोरली बहीण आहे, जीजी. आई लवकर गेली, तेव्हा जीजीनंच त्यांना वाढवलं. विहिरीवर, शेतात, शाळेत, जाईल तिथे हा पोरगा तिची करंगळी धरून मागे. लग्न होऊन ती त्याच गावात राहिली. आता थकली आहे. कानानं ठार बहिरी, वाचता येत नाही, आणि गाव सोडून सुरतेला यायला तयार नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काका तिला भेटून येत. मधल्या काळात फोनचा काही उपयोग नाही. भाचेसून रेखा व्हिडिओ कॉल लावून देते, पण जीजी जुन्या सवयीनं फोन कानाला लावते. काकांना पडद्यावर नुसता तिचा कान दिसतो. कानातली कुडी दिसते, पांढरे केस दिसतात, जीजी दिसत नाही.

आणि मग ते दुपारचं सुरू झालं. रेखानं टीव्हीवर मामा दाखवले, तशी जीजी रोज जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसू लागली. भाऊ रोज भेटायला लागला की! ज्या दिवशी आजोबा जिन्यावरून पडले त्या दिवशी तिनं अन्न सोडलं. नाटक आहे हे तिला खुणांनी कसं पटवायचं? शेवटी काका रात्रीची गाडी पकडून गेले आणि तिच्यादेखत ओट्यावरून उड्या मारून दाखवल्या. मग भावाबहिणीचं ठरलं. टीव्हीत करंगळी हलली की समजायचं, हिरामण बरा आहे. करंगळी हलली की जीजी पहिला घास घेते.

“आता गुरुवारी मला पांढऱ्या चादरीत ठेवणार. फोटोला हार घालणार.” काकांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “आमच्यात रीत आहे. मेल्याचा शॉट झाला की नटानं लगेच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, नाहीतर अशुभ. ते हसणं नंतर कापून टाकतात. मी दिग्दर्शकाला म्हटलं, बाबा, तेवढं कापू नका. त्याला गंमत वाटली.”

मी म्हटलं, मग पुन्हा गावाला जा, उड्या मारून दाखवा, मानेल ती.

“मानेल. पण मग रोज दुपारी ती बघणार कुणाला?”

मी उठून चहा पुन्हा गरम केला.

गुरुवारी माझं शाळेत लक्ष लागेना. मी फळ्यावर तेराचा पाढा चुकले आणि मुलांनी तो आनंदानं सुधारला. संध्याकाळी काकांच्या गाडीची वेळ झाली तशी मी दारातच उभी राहिले. तर तळमजल्यावरून आवाज आला, “बाई! वाचलो!” त्या आवाजानं वरच्या मजल्याचीही दारं उघडली.

झालं होतं ते असं. काकांच्या नाकात कापूस घालून झाला होता, सून पहिला हुंदका देणार, तेवढ्यात चॅनेलच्या कचेरीतून फोन. आजोबांना मारायचं नाही. देशभरच्या बायका विचारतायत, आजोबांची करंगळी हलते, ते शुद्धीवर कधी येणार? कुकरची शिट्टी सोडून त्या करंगळीकडे बघत होत्या तर! लेखकानं लगेच सांगून टाकलं की ती करंगळी आपणच विचारपूर्वक पेरली होती. काकांनी त्याला पेरू दिली. कापूस काढून ते उठले आणि मेले नव्हते तरी कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसून घेतलं, उगाच कशाला जोखीम. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मी त्याच पावली आत जाऊन शिरा टाकला.

आजोबा शुद्धीवर आले तो भाग बघायला काकांनी सुट्टी घेतली आणि सगळा मजला आमच्याकडे बोलावला. ‘ते दुपारचं’ म्हणून नाक मुरडणारे काका पहिल्या खुर्चीवर! पडद्यावर आजोबा उठून बसले, दोन्ही हातांत काठी घट्ट धरली आणि खाष्ट सासूवर असे गरजले की आमच्या कपाटाची काच थरथरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका खुर्चीतच वाकून नमस्कार करत होते.

तेवढ्यात रेखाचा फोन आला. जीजीनं ताट सरकवलंय, मामा. आज करंगळी हलली नाही.

अरे देवा! इतक्या महिन्यांनी परत आलेला आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिला दिसला तो नुसता काठी आवळून तोंड वासणारा भाऊ. काकांनी व्हिडिओ लावायला सांगितलं. पडद्यावर कान आला. सगळा मजला भोवती उभा, आणि काका त्या कानाला आपल्या अहिराणीत सांगत राहिले, “जीजी, मी बरा शे. माले काही हुयेल नही. जेवी ले ना, माय.” कान हलला नाही. मला तिथे उभं राहवेना. पुढचे भाग आधीच चित्रित झालेले, आणि त्या सगळ्यांत दोन्ही हात काठीवर.

दुसऱ्या दिवशी काका उंबरगावच्या गाडीत बसलेच नाहीत. तब्येत बरी नाही असं स्टुडिओला कळवून ते भुसावळकडच्या गाडीनं गावाला गेले. दुपारी मी ताट घेऊन बसले तेव्हा रेखानं पाठवलेला व्हिडिओ आला. टीव्हीवर आजोबा गरजतायत. समोर चटईवर एक वाळकी म्हातारी बसलीय, पुढ्यात ताट, आणि शेजारी मांडी घालून आमचे काका, उजवी करंगळी वर करून. जीजी टीव्हीकडे बघतच नव्हती. तिनं ती करंगळी डाव्या मुठीत गच्च धरली होती आणि उजव्या हातानं शांतपणे डाळभात खात होती.