भाऊजी दारू भरतात

माझ्या भाऊजींना 'हे परवडतं का हो?' एवढं विचारायचा अवकाश, ते हातातला घास ताटात परत ठेवतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "आल्झो!" या जर्मन 'आल्झो'नंतर, म्हणजे 'तर मग'नंतर, वरण पार निवेपर्यंत कोणाची सुटका नसते. म्हणून ताई पाहुण्यांना दारातच बजावते, "राजकारण काढा, देवधर्म काढा, पण काडतुसांचं काही विचारू नका."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वसंत गोडबोले. आडनावं माणसं बघून ठेवलेली नसतात, याचा चालताबोलता पुरावा. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावी मोटारींच्या कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि आता निवृत्त झालेत. दर शनिवारी ते गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात जातात आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडतात. जर्मन लोक या तबकडीला टाउबे, म्हणजे कबूतर म्हणतात. जावई दर शनिवारी कबुतरं मारतात हे आईला कळलं, तेव्हा पुण्याहून आलेला फोन ताई अजून विसरलेली नाही.

तबकड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणसाला छंद असावा. पण भाऊजी काडतुसं दुकानातून आणत नाहीत, ती तळघरात बसून स्वतः भरतात. वापरलेली रिकामी पुंगळी घ्यायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर प्लास्टिकचा डाट, त्यात छर्रे, मग यंत्राचा दांडा खाली ओढायचा, की पुंगळीचं तोंड चुण्या पडून मोदकासारखं मिटतं. एका गणेश चतुर्थीला त्यांनी हे साम्य ताईला ऐकवलं. "तुझे फुटतात. माझा एक तरी फुटलेला दाखव." त्या चतुर्थीला आम्ही मोदक न बोलता खाल्ले.

आता यातला दारू हा शब्द जपून वापरायला हवा, हे ताईच्या उशिरा लक्षात आलं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला कोणीतरी तिला विचारलं, "गोडबोले हल्ली दिसत नाहीत?" ताई आधीच वैतागलेली. म्हणाली, "ते कसले दिसतायत! वेळ मिळाला की तळघरात दारू भरत बसतात." यातला 'भरत' त्या गलबल्यात कुठे गेला देव जाणे. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या सुनंदाताई आयुर्वेदिक चूर्णाची डबी घेऊन दारात हजर. "आमटीत कालवून द्यायचं. त्यांना कळणारही नाही." भाऊजी मागेच उभे होते. इतकी वर्षं जर्मनीत राहून हा माणूस बिअरच्या वाटेला गेलेला नाही. क्लबातसुद्धा सोडा घातलेला सफरचंदाचा रस पितो.

"मी भरतो!" ते गरजले. "पीत नाही!"

सुनंदाताई मायेने म्हणाल्या, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात हो."

त्या दिवसापासून भाऊजींनी मंडळ सोडलं, आणि व्यसन वाढल्याचं मंडळाने ठरवून टाकलं.

चिडल्यावर त्यांच्या शिव्याही तळघरातून येतात. आळशी माणूस म्हणजे ओली दारू. बडबड्या माणूस म्हणजे नुसता डाट, छऱ्यांचा पत्ता नाही. 'नंतर फोन करतो' म्हणून कधीच न करणारा त्यांचा जावई, फुसका बार. माझ्याबद्दल म्हणतात, "ही टोपी. जरा टोचलं की पेटते."

पेटणार नाही तर काय! मी व्यवस्थित बाई आहे. आमच्या फ्रिजवर आठवड्याचा तक्ता असतो, प्रवासाला निघताना सामानाची यादी असते, आणि ती यादी पुढच्या प्रवासालाही उपयोगी पडते. एका रविवारी मी भाऊजींच्या काडतुसांचाही तक्ता केला. एके काळी घरी भरणं परवडत होतं, मी नाही म्हणत नाही. पण आता शिसं महागलं, टोप्या वेळेवर मिळत नाहीत, दारूच्या परवान्याचं दर काही वर्षांनी नूतनीकरण, आणि कारखान्यातली काडतुसं याहून स्वस्त. भाऊजींचे कष्ट फुकट धरले तरी उत्तर 'नाही' असंच येत होतं. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"तक्ता!" भाऊजी ताईला म्हणाले. "तुझ्या बहिणीला आरतीला उभं राहायलाही तक्ता लागत असेल." मग माझ्याकडे वळून, "आल्झो! दुसऱ्याने भरलेलं मी माझ्या बंदुकीत घालायचं? तू शेजारणीने मळलेली कणीक घेशील?"

"अहो भाऊजी, मी पोळ्या विकतच आणते."

"दिसतंय ते," ते म्हणाले आणि कागदाने चहाचा कप झाकला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण ताईचे गुडघे गेले. त्यांच्या घरात झोपायची खोली वर आणि स्वयंपाकघर खाली. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबते आणि थांबल्याचं कळू नये म्हणून कठडा पुसते. मी महिनोन् महिने शोधून लिफ्टवाला फ्लॅट मिळवला. बसथांबा समोर, दवाखाना जवळ. जर्मनीत भाड्याचा चांगला फ्लॅट मिळणं काय असतं, हे ज्याने शोधलाय त्यालाच विचारा. अडचण एकच. तिथलं तळघर सगळ्यांचं मिळून, जाळीचे कप्पे केलेलं. तिथे दारू ठेवायला परवानगी नाही, असं आम्टाने, म्हणजे सरकारी कचेरीने, स्पष्ट कळवलं.

"मग यंत्र विकू," मी म्हटलं. "प्रश्न मिटला."

"नाइन," भाऊजींनी जर्मनमध्ये नकार दिला.

"म्हणजे?"

"म्हणजे फ्लॅट नको."

ताई कठडा पुसायला गेली. मला इतका संताप आला की माझी पर्स मी तिथेच विसरले. बायकोचा गुडघा एका बाजूला आणि लोखंडी दांडा दुसऱ्या बाजूला, आणि हा माणूस दांड्याच्या बाजूने! घरमालकिणीला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. शनिवारी मी तडक क्लबात गेले. चार जर्मन लोकांसमोर तरी ते मला 'आल्झो' ऐकवणार नाहीत, असा हिशेब होता.

क्लबात त्या दिवशी पाहुण्यांनाही नेम धरू देत होते. भाऊजींबरोबर ओट्टो होता. ओट्टो त्यांचा कारखान्यातला जुना सोबती. भाऊजी नवे असताना त्यांना पहिल्यांदा या क्लबात आणलं ते त्यानेच. आता ऐंशीला टेकलाय. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, कोट घालताना तोंड वाकडं होतं. पण बंदूक सोडलेली नाही.

"आलीस?" भाऊजी म्हणाले. "चिडलेलीच आहेस, तर काहीतरी फोड. माझं डोकं नको."

मी कधी बंदूक धरली नव्हती. भाऊजींनी कशी धरायची ते दाखवलं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं दुकानातलं काडतूस घातलं, तबकडी उडाली, मी चाप ओढला. तबकडी सुखरूप खाली गेली आणि माझ्या खांद्यावर कोणीतरी वरवंटा घातला. डोळ्यांत पाणी आलं. ओट्टो जवळ आला आणि त्याने खिशातून आपलं काडतूस पुढे केलं. "हे घे. वसांतच्या हातचं आहे."

मी दात आवळून पुन्हा चाप ओढला. आणि काहीच झालं नाही. म्हणजे आवाज झाला, तबकडी फुटलीसुद्धा, पण खांद्याला नुसता धक्का लागला, ओळखीच्या माणसाने 'काय कसं काय' म्हणून थाप मारावी इतकाच. ओट्टोने टाळ्या वाजवल्या आणि आपला नंबर लागला म्हणून पुढे गेला.

माझा पारा चढला. "अहो भाऊजी, यात दारू आहे की चूर्ण? एवढा जिवाचा आटापिटा करून तुम्ही हे फुसके बार भरता? यासाठी ताईने जिने चढायचे?"

"हळू!" भाऊजी लालबुंद झाले होते. "आणि हसत बोल. तो बघतोय."

"बघू दे. त्याला कुठे मराठी कळतंय?"

"चेहरा कळतो ना!" आणि मग स्वतः हसरा चेहरा करून ते माझ्यावर असे काही तापले की विचारू नका. हसत हसत ओरडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. "ती हलकी आहेत, अकलेच्या कांद्या! मुद्दाम हलकी आहेत. कमी छर्रे, कमी दारू. दुकानातल्या काडतुसाने त्याचा खांदा उखडेल. डॉक्टरने बंदूक बंद करायला सांगितली होती. बंद करून तो काय करणार? घरी कोण आहे त्याच्या? मुलगा हांबुर्गला, बायको गेलेली. शनिवार गेला की त्याचं सगळंच गेलं."

"मग दुकानात हलकी मिळतात ना? ती आणा."

"पुंगळीवर वजन छापलेलं असतं! त्याला वाचता येतं! हलकी म्हणजे पोरासोरांची, असं म्हणतो तो. मेला तरी हात लावणार नाही. माझ्या पुंगळ्यांवरचं छापील वजन मी पुसून टाकतो. त्याला वाटतं, खांदा सुधारला."

तिकडे ओट्टोने एक तबकडी फोडली. भाऊजींनी त्याला हात केला, आणि माझ्याकडे वळताना चेहरा पुन्हा हसरा करायला विसरले.

"ताईला सांगायचंत," मी म्हटलं.

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दारूचं काय झालं माहीत आहे ना?"

हे खरंच होतं, म्हणून मी आणखी चिडले. "आणि ताईचे गुडघे? एकाचा खांदा सांभाळायला दुसरीचे गुडघे मोडायचे? क्लबात मागे कुलपाची खोली आहे. यंत्र तिथे ठेवता येईल का, विचारलंत आम्टाला?"

"विचारलं की कारण द्यावं लागतं. गरज काय, ते लिहा म्हणतात. क्लबाची सही लागते. म्हणजे क्लबभर होऊन ओट्टोपर्यंत गेलंच."

"मी विचारते. कारण मी लिहीन. अर्जदार अत्यंत हट्टी आहे, एवढं पुरेल. आणि सोमवारी तुम्ही फ्लॅटला हो म्हणायचं. आम्टाने नाही म्हटलं तरी. कळलं?"

भाऊजींनी चष्मा काढला. मी 'आल्झो'ची वाट पाहिली. ते नुसते काच पुसत राहिले.

तेवढ्यात ओट्टो परतला. "कसलं भांडण चाललंय?" मी सांगितलं की घर बदलायचंय आणि यंत्राचं काय करायचं ते ठरत नाही. त्याने डाव्या हाताने माझं कोपर धरलं आणि मला जरा बाजूला नेलं. ऐकू कमी येत असल्यामुळे त्याचं कुजबुजणंसुद्धा पार मैदानाच्या टोकापर्यंत जातं.

"राहू द्या त्याच्याकडे," तो म्हणाला. "मला माहीत आहे, परवडत नाही. दुकानातली याहून कितीतरी चांगली, खणखणीत असतात. पण बिचारा आठवडाभर खपून भरतो. दुसरं कोणी ती वापरत नाही. मग मीच वापरतो. त्याला बरं वाटतं."

भाऊजी दोन पावलांवर उभे होते. त्यांच्या काडतुसांना असं बोललेला माणूस आजवर जेवण संपवून उठलेला नाही.

भाऊजींनी खिशात हात घातला, दोन काडतुसं काढून ओट्टोच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली.

"गेनाऊ, ओट्टो," ते म्हणाले. "अगदी बरोबर. चल, तुझा नंबर आहे."