चाळीस नंबरचा विंच

वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर वेंकोबारावांच्या बाल्कनीत मात्र शिडाच्या बोटीचा विंच आहे. बोटीवर त्याच्या ढोलाला दोर गुंडाळून, दांडी फिरवून शीड ताणतात. वेंकोबारावांकडे त्याने भाजीची टोपली वर येते.

ते तंजावरकडचे मराठी. ओरगडमच्या कारखान्यात गिअर तपासत निवृत्त झाले. बोटीत कधी बसलेले नाहीत. समुद्रावर गेले तरी चप्पल काढत नाहीत. विंच बंदराजवळच्या भंगारवाल्याकडून आणला. आधी सोळा नंबरचा होता. महिन्याभरात त्या जागी चाळीसचा आला, तेव्हा तळमजल्यावरच्यांनी विचारलं, आता रिक्षा वर घेणार का.

"नंबर ओझ्याचा नव्हे सार, हाताचा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग जिन्यातच शिकवणी. चाळीस नंबर म्हणजे दांडीवर एक किलो जोर लावला की दोरावर चाळीस किलोची ओढ. तीही कागदावर; घर्षण आपला वाटा काढून घेतं. विंच किती ओझं सोसेल, तो आकडा निराळा. दांडी लांब, ढोल बारीक, आत गिअर, की नंबर वाढतो.

त्यांच्या खिशात स्प्रिंगचा वजनकाटा असतो. भेटेल त्याला तो ओढायला लावून ते नंबर देतात; हात जितका कमजोर, तितका नंबर मोठा. सिलिंडरवाल्याला आठ पुरे म्हणाले. मला तीस लागेल. वर्तमानपत्रातल्या माणसाला एवढा लागायचाच, अशी पुस्ती.

टोपली खरं तर त्यांच्या पत्नीची, रखमाबाईंची. तीस वर्षं त्यांनी ती हाताने ओढली, वरूनच भाजीवालीशी तमिळमध्ये भांडत. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. वेंकोबारावांनी टोपली ओढू पाहिली, तर त्या म्हणाल्या, "भाजी तुम्ही ओढणार, तर स्वैपाकही तुम्हीच करा." तेव्हापासून त्या बाल्कनीत आल्या नव्हत्या.

हे मला कळलं ते चाळीसचा विंच बसला त्या सकाळी, त्यांच्या बाल्कनीत. दांडीवर रखमाबाईंचा उजवा हात होता. काट्यावर त्या हाताचा जोर भरला होता पाव किलो. टोपली पाच किलोंची. सोळाच्या विंचवर हिशेब चार किलोंपाशीच संपत होता.

टोपली दुसऱ्या मजल्याशी थांबली. दोर विंचच्या खोबणीत धरलेला होता, खाली घसरला नाही. मी पुढे झालो. वेंकोबारावांनी मला मनगटाला धरून थांबवलं.

बऱ्याच वेळाने दांडी हलली. टोपली कठड्याशी आली. रखमाबाईंनी आत पाहिलं, मग खाली वाकून भाजीवालीला विचारलं, कढीपत्ता कुठाय.

खाली भांडण जुंपलं. वेंकोबाराव आत गेले. खाटेखालून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला सोळा नंबरचा विंच काढला आणि त्याला तेल देत बसले.

"हा विकला नाहीत?" मी विचारलं.

"लागेल की," ते म्हणाले. "तिचा नंबर उतरला म्हणजे."