ब्रेक दाबला की हॉर्न

हिंमतरावांनी भर अंगणात जाहीर करून टाकलं, "आपली राजनंदिनी लग्नाला येणार ती माझ्या इंग्लिश गाडीतून! वायरिंग मी स्वतः करणार. ट्रॅक्टरचं वायरिंग तर मी डोळे मिटून करायचो!"

"म्हणूनच ट्रॅक्टर विकावा लागला," तांदूळ निवडता निवडता तुळजाबाई म्हणाल्या.

पण बायकोचं ऐकतील तर ते हिंमतराव कसले! ती दोन सीटची, टप नसलेली, लालभडक जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. उंदरांनी तिच्या वायरी शेवयांसारख्या कुरतडल्या होत्या. हिंमतरावांनी सगळ्या उपटून काढल्या, नव्या आणल्या आणि आठवडाभर डॅशबोर्डखाली डोकं खुपसलं. बाहेर नुसते पाय दिसायचे!

लग्नाच्या सकाळी गाडी सुरू झाली. दिवे लागले, हॉर्न वाजला. ब्रेक तेवढा तपासायचा राहिला. उभ्या गाडीला ब्रेक कशाला?

मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग नाचणारी वऱ्हाडी मंडळी, मागे गाडीत नवरी पुतणी राजनंदिनी आणि काका. गर्दी थबकली म्हणून हिंमतरावांनी हळूच ब्रेक दाबला.

पॉंऽऽऽ!

नाचणारे टुणकन उडाले.

"काका, हॉर्न काय वाजवताय?"

"मी कुठं वाजवतोय? ब्रेकच्या दिव्याची वायर हॉर्नला गेली हाय वाटतं!"

"मग ब्रेक नका ना दाबू!"

"आन् गाडी तुझ्या मामाच्या अंगावर घालू?"

पॉंऽऽऽ! पुढच्यांना वाटलं, मुहूर्त टळतोय, हिंमतराव घाई करताहेत. सगळे भराभर चालू लागले. बँडमास्तर बजरंगनं घाबरून गाणं दुप्पट वेगानं धरलं. मंडळी लांब गेली, की हिंमतराव गाडी दामटायचे. जवळ आले, की ब्रेक. पॉंऽऽऽ! फेटे सुटले, आत्याबाईंनी चपला हातात घेतल्या, आणि नवरी मुंडावळ्या सावरत खो खो हसत होती.

वऱ्हाड धापा टाकत लॉन्सवर पोचलं, तेव्हा नवरदेव बनियनवर दाढी करत होता! त्याला कसाबसा शेरवानीत कोंबून उभा केला. गुरुजी घड्याळाकडे बघतच राहिले. लग्न चक्क मुहूर्तावर लागलं!

हिंमतराव तोंड लपवून जिलेबी खात होते. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका बापूराव आले.

"हिंमतराव, आता माझ्या पोराच्या, तेजसच्या लग्नाला हीच गाडी पाहिजे बरं का!"

हिंमतरावांची छाती फुगली. "घेऊन जावा की! वायरिंग तेवढं नीट करून—"

"अहो, नको!" बापूरावांनी हात जोडले. "कृपा करा, वायरिंगला हात लावू नका!"

ही तारीफ की टोमणा, हे हिंमतरावांना काही केल्या उमगेना. त्यांनी आणखी एक जिलेबी घेतली.