भातकुलीच्या पाण्याचा बर्फ

"बर्फाची जबाबदारी माझी!" असं सुगत छाती ठोकून म्हणाला, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. त्या संघात कोणी कसलीही जबाबदारी घेण्याची ती पहिलीच वेळ होती.

अमरावतीच्या व्यावसायिक आइस हॉकी संघाचा हा पहिलाच मोसम. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये, गोठवलेलं मैदान! अकरा सामने झाले होते, अकराही हरले होते. सुगत गोलकीपर. त्याच्या अंगावरून चौऱ्याण्णव गोल आत गेले होते. काही तर त्याला विचारून गेल्यासारखे.

पण खरी अडचण भातकुलीत होती. तिथून त्याचे वडील, किसनराव, दर सामन्यानंतर फोन करत. "काय झालं रे म्याचचं?" आणि सुगत सांगे, "जिंकलो बाबा!" एकदा घसरलेली जीभ अकरा वेळा घसरली. पोरगं एकही सामना हरलं नाही, असं किसनराव गावभर सांगत सुटले होते. आता शेवटचा सामना अकोल्याशी, आणि तो पाहायला ते स्वतः येणार होते! सुगतला लाजेने घास गिळेना. निदान बापाच्या डोळ्यांदेखत तरी हरायचं नव्हतं.

सामन्याच्या आदल्या सकाळी जुना बर्फ खरवडून काढला आणि नेमकं नळाला पाणी आलं नाही. "बरफ नसला तं म्याच अकोल्याले बहाल!" म्हणत मॅनेजर शेखरभाऊ डोक्याला हात लावून बसले. तेव्हाच सुगतने ती छाती ठोकली आणि घरी फोन लावला.

"बाबा, टँकर पाठवा. बरफ कराचा हाय."

"पाठोतो. पन बाप्पा, आपल्या बोअरचं पाणी खारं. त्याच्यात डाळ शिजत नाई, बरफ कसा होईन?"

"खारं असो का गोडं, थंडीत सारं गोठते! खेळातलं तुमाले समजत नाई बाबा. तुमी फकत टँकर पाठवा!"

किसनराव पाणी भरायला लागले. स्वतः ट्रॅक्टर चालवत टँकर घेऊन आले.

मशीन दिवसभर कण्हत राहिली आणि जमला तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा चुरा! दुसऱ्या दिवशी सामना रद्द करावा, तर शेड माणसांनी खच्चून भरलेली. एवढ्या उन्हात परत बाहेर कोण जाणार? पंचांनी शिट्टी वाजवली. अकोल्याचा कप्तान स्वप्निल जोरात निघाला. पाय जागच्या जागी राहिले, बाकीचा स्वप्निल पुढे गेला.

"अबे, बरफ हाय का सांजा?" तो तोंडातला चुरा थुंकत ओरडला. त्याला काढायला गेलेले पंचही रुतले. हॉकीची चकती तर दर वेळी उकरून काढावी लागत होती. गोलपर्यंत ती एकदाही पोचली नाही.

सामना संपला, शून्य-शून्य! सुगतने दोन्ही हात वर केले. समोर किसनराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. पोराची लाज वाचली होती.

इतक्यात शेखरभाऊंनी माइक घेतला.

"लोकहो! लागोपाठ अकरा म्याच हारल्यावर आज आपल्याले पयला गुण भेटला! चौऱ्याण्णव गोल खानाऱ्या सुगतनं आज एकही खाल्ला नाई! अन् याचं सारं श्रेय भातकुलीच्या किसनरावांच्या पाण्याले!"

धरणीने पोटात घ्यावं असं सुगतला वाटलं. घोट्यापर्यंत तर तिने घेतलंच होतं. किसनरावांच्या टाळ्या थांबल्या. गळ्यात हार पडला, तरी ते पोराकडेच बघत होते.

परतताना तो ट्रॅक्टरवर बापाशेजारी मान खाली घालून बसला. मागे रिकामा टँकर खडखडत होता. भातकुली दिसू लागली, तेव्हा किसनरावांनी विचारलं,

"अकराच्या अकरा?"

"हो बाबा."

किसनरावांनी गिअर बदलला.

"पुढच्या सालच्या म्याचेस किती हायेत, ते आत्ताच सांगून ठेव. तेवढे टँकर भरून ठेवतो."